वऱ्हाडातील ज्वारीची सोंगणी

वऱ्हाडातील ज्वारीची सोंगणी म्हणजे पश्चिम विदर्भात खरीप ज्वारीचे उभे पीक विळ्याने कापून, कणसे हाताने खुडून धान्य व कडबा वेगळा करण्याची पारंपरिक पद्धत होय. अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यासह पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत ज्वारी हे दीर्घकाळ मुख्य अन्नधान्य होते.

पद्धत
पावसाळ्याच्या आरंभी तिफणीने पेरलेली ज्वारी साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पक्व होते. दाणा कठीण होऊन त्याच्या तळाशी काळा ठिपका दिसणे ही पक्वतेची खूण होय. दाणे भरू लागताच गोफणीने पाखरे हाकलतात व रात्री जागल करतात. ताटे बुडाशी कापून शेतात वाळू देतात; नंतर कणसे खुडून खळ्यावर नेतात. पूर्वी बैलांच्या पायांखाली मळणी व वाऱ्यावर उफणणी करीत. आता त्यासाठी मळणी यंत्र वापरले जाते. धान्य पेवात किंवा कणगीत साठवीत. उरलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधून कडबा रचून ठेवतात.

बियाण्याची निवड
हाताने खुडताना प्रत्येक कणीस नजरेखालून जाते. अवेळी पावसाने बुरशी लागून काळी पडलेली कणसे बाजूला काढता येतात आणि टपोरी, निरोगी कणसे पुढील पेरणीसाठी राखता येतात.

आहारातील स्थान
कोवळ्या दाण्यांचा हुरडा, तर पक्व ज्वारीच्या भाकरी, कण्या व लाह्या करतात. महालक्ष्मीच्या नैवेद्यात ज्वारीच्या आंबिलीस मान आहे.

ऱ्हास आणि जतन
१९६४ मध्ये सीएसएच-१ हे भारतातील पहिले संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले. संकरित वाणांमुळे उत्पादन वाढले. मात्र त्यांचे घरचे बियाणे पुढील पिढीत एकसारखे राहत नसल्याने ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. पुढे सोयाबीनचा प्रसार, मजुरांची टंचाई, वन्यप्राण्यांचा उपद्रव आणि स्वस्त धान्य दुकानांतील गहू-तांदूळ यांमुळे ज्वारीचे क्षेत्र घटले. त्यासोबत कडबाही दुर्मीळ झाला. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून घोषित केल्यावर या पिकाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. स्थानिक वाण शेतकऱ्याने पुन्हा पुन्हा पेरून व निवडूनच टिकतात. त्यामुळे काही गुंठ्यांवरील लागवड आणि हाताने केलेली सोंगणीही त्यांच्या जतनास उपयुक्त ठरते.