शाळेच्या मैदानापासून हेलसिंकीपर्यंत

आपल्या बहुतेक शाळांच्या दर्शनी भिंतीवर एक फलक असतो. शालान्त परीक्षेत प्रथम आलेल्या विद्यार्थ्यांची नावे त्यावर वर्षानुवर्षे सुवाच्य अक्षरांत रंगविली जातात. ते योग्यच आहे. परंतु त्याच शाळेच्या मैदानावर अनवाणी धावून पुढे देशाचा गणवेश अंगावर चढविणाऱ्या मुलामुलींची नावे शोधू गेल्यास ती क्वचितच आढळतात. कपाटात काळवंडलेले चषक असतात; पण ते कोणी जिंकले, हे सांगू शकणारे शिक्षक केव्हाच निवृत्त झालेले असतात. शाळेने आपल्या माजी खेळाडूंचा सन्मान का करावा, केव्हा करावा आणि कशा रीतीने करावा, या प्रश्नांचा विचार इतिहासाच्या आधारे करावा, असे आम्हांस वाटते.

खेळाडूचा गौरव ही ख्रिस्ती परंपरेला परकी गोष्ट नाही. संत पौलाने करिंथकरांना पत्र लिहिले, तेव्हा त्या नगराच्या जवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत असत. विजेत्याच्या मस्तकी पानांचा मुकुट ठेवला जाई आणि तो काही दिवसांत वाळून जाई. पौलाने त्या मुकुटाची तुलना कधीही न कोमेजणाऱ्या मुकुटाशी केली. मात्र धावणाऱ्याच्या संयमाला त्याने कोठेही कमी लेखले नाही. उलट श्रद्धावंतांपुढे तोच आदर्श ठेवला. २००० सालच्या महाज्युबिली वर्षात, २९ ऑक्टोबर रोजी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोमच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये क्रीडापटूंसाठी मिस्सा अर्पण केली, ती याच परंपरेला धरून.

आता आपल्या भूमीकडे वळू. १९५२ साली फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे ऑलिम्पिक सामने झाले. त्या भारतीय पथकात आपल्या महाराष्ट्रातील दोन व्यक्ती होत्या, ज्यांची नावे एकत्र घेण्याचा प्रघात नाही. एक कराडजवळील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव, तर दुसरी वांद्र्याची धावपटू मेरी डिसोझा. एक तांबड्या मातीतला, दुसरी मुंबईच्या कॅथलिक वस्तीत वाढलेली. परंतु दोघांच्या वाट्याला आलेला अनुभव विलक्षण सारखा होता.

खाशाबांचे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले होते. हेलसिंकीला जाण्याची पात्रता अंगी होती, पण प्रवासखर्चाची सोय नव्हती. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडला त्यांचे स्वागत बैलगाड्यांच्या मिरवणुकीने झाले, आणि परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून खर्डेकरांचे घर सोडवून दिले.

मेरी डिसोझा हिने १९५१ साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई सामन्यांत २०० मीटर धावण्यात कांस्यपदक आणि ४ बाय १०० मीटर रिले शर्यतीत रौप्यपदक पटकावले होते. ऑलिम्पिकसाठी निवड झाली, तेव्हा तिच्यापुढेही पैशाचाच प्रश्न उभा राहिला. कुटुंबीय आणि स्नेहीमंडळी पुढे सरसावली. नृत्याचा कार्यक्रम ठेवला गेला, पत्त्यांचा व्हिस्ट ड्राइव्ह भरला आणि पै पै करून निधी जमला. नीलिमा घोष, आरती साहा आणि डॉली नाझीर यांच्यासह हेलसिंकीला गेलेल्या चार भारतीय महिलांपैकी ती एक. १०० व २०० मीटर या दोन्ही शर्यतींत ती पहिल्या फेरीपुढे जाऊ शकली नाही. मात्र दोनच वर्षांनी, १९५४ च्या मनिला आशियाई सामन्यांत, स्टेफी डिसोझा, क्रिस्टीन ब्राउन आणि व्हायोलेट पीटर्स यांच्या साथीने तिने रिलेचे सुवर्णपदक भारतात आणले. हॉकीतही तिने देशाचे प्रतिनिधित्व केले.

एकीकडे प्राचार्याचे गहाण पडलेले घर, दुसरीकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरविलेला पत्त्यांचा डाव. दोन्ही ठिकाणी शासनाच्या आधी समाज धावून आला. सन्मानाचा खरा आरंभ येथे होतो, असे आमचे मत आहे. विजयानंतर घातलेला हार सर्वांना दिसतो. शर्यतीपूर्वी खिशातून काढलेला रुपया कोणाला दिसत नाही. परंतु त्या रुपयावाचून हार घालण्याची वेळच आली नसती.

आता पुढची कथा ऐका. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाले. खाशाबा त्यानंतर तेवीस वर्षे हयात होते. पोलीस खात्यात त्यांनी इमाने इतबारे नोकरी केली, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. त्या तेवीस वर्षांत अर्जुन पुरस्काराने त्यांचे दार ठोठावले नाही. तो जाहीर झाला २००० सालासाठी, मरणोत्तर. तत्पूर्वी १९९६ मध्ये अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी टेनिसचे कांस्यपदक जिंकले, तेव्हा कोठे वृत्तपत्रांना खाशाबांची आठवण झाली. कारण चव्वेचाळीस वर्षांत दुसरे वैयक्तिक पदक देशाला मिळालेच नव्हते. मेरी डिसोझा सिक्वेरा यांना २०१३ साली राष्ट्रीय स्तरावरील ध्यानचंद पुरस्कार लाभला. हेलसिंकीनंतर एकसष्ट वर्षांनी! त्या वेळी त्यांनी वयाची ब्याऐंशी वर्षे पूर्ण केली होती. त्यांचे भाग्य एवढेच, की टाळ्यांचा आवाज त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकता आला.

मरणोत्तर सन्मान निरर्थक असतो, असे आम्ही म्हणणार नाही. मृतांचे स्मरण करणारी आपली ख्रिस्तसभा आहे. परंतु स्मरण आणि कृतज्ञता यांत थोडा भेद आहे. स्मरण कबरीपाशी करता येते; कृतज्ञता मात्र समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून व्यक्त करावी लागते. येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत फिरला, तो प्रभू समोर असतानाच.

कोणाला सन्मानावे, हाही प्रश्न उरतो. केवळ पदक ही कसोटी लावली, तर हेलसिंकीच्या पहिल्याच फेरीत थांबलेली मेरी गळून जाईल. पण मुलींनी मैदानात उतरावे की नाही याचीच चर्चा घरोघरी चालत असे, त्या काळात ती जगाच्या शर्यतीच्या रेषेवर उभी राहिली. तिच्या मागून येणाऱ्या मुलींसाठी त्या उभे राहण्याचे मोल पदकाहून उणे नाही.

सन्मानाचे फळ कसे येते, याचेही एक उदाहरण देतो. वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लाउस हायस्कूल १८६३ पासून जेझुइट धर्मगुरूंनी चालविले आहे आणि हॉकीसाठी त्याचा लौकिक आहे. त्याच शाळेचे विद्यार्थी विरेन रास्किन्हा २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळले. खेळणे थांबविल्यावर २००९ मध्ये त्यांनी ‘ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्ट’ या संस्थेची धुरा स्वीकारली. होतकरू खेळाडूंना प्रशिक्षण, वैद्यकीय साहाय्य आणि साधने पुरविणे, हे तिचे कार्य. खर्डेकरांनी घर गहाण ठेवून जे केले, तेच आता संस्थेच्या रूपाने, अनेकांसाठी होत आहे. आणि ते करणारा स्वतः एका शाळेच्या मैदानावर घडलेला आहे.

म्हणून आपल्या धर्मग्रामांतील शाळांना आणि पालक-शिक्षक संघांना आमची विनंती आहे. जुन्या हजेरीपटांची व वार्षिक अहवालांची पाने चाळा. गावातील वडीलधाऱ्यांना विचारा. जे खेळाडू हयात आहेत, त्यांना येत्या क्रीडादिनी ध्वजवंदनासाठी बोलवा आणि त्यांची कथा त्यांच्याच तोंडून मुलांना ऐकवा. त्यांना घडविणाऱ्या शिक्षकांची व धर्मभगिनींची नावेही त्यांच्यासोबत फलकावर येऊ द्या. आणि त्याच दिवशी एक छोटा निधी उभारा, ज्यातून आज अनवाणी धावणाऱ्या एखाद्या मुलीला बूट मिळतील. शाल आणि श्रीफळ दुपारपर्यंत घरी पोहोचतात. ते बूट मात्र पुढच्या क्रीडादिनी पुन्हा मैदानावर दिसतील.