माढ्यात विद्यमान खासदार का हरले?

माढा लोकसभा मतदारसंघात २००९ ते २०२४ या काळात चार निवडणुका झाल्या आणि चारही वेळा नवा खासदार आला. शरद पवार (२००९) आणि विजयसिंह मोहिते-पाटील (२०१४) यांनी पुढच्या वेळी इथून निवडणूक लढवलीच नाही. खासदार असताना पुन्हा मैदानात उतरलेले पहिले नेते म्हणजे भाजपचे रणजितसिंह नाईक-निंबाळकर.

२०१९ मध्ये काय झालं?
निंबाळकर ८५,७६४ मतांनी जिंकले. तेव्हा अकलूजचं मोहिते-पाटील कुटुंब त्यांच्यासोबत होतं. अकलूज, श्रीपूर ही गावं ज्या माळशिरस तालुक्यात येतात, तिथे या कुटुंबाचं मोठं वजन आहे.

२०२४ मध्ये काय बदललं?
भाजपने पुन्हा निंबाळकरांनाच तिकीट दिलं. इच्छुक असलेले धैर्यशील मोहिते-पाटील नाराज झाले आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीत गेले. ४ जूनला निकाल लागला, तेव्हा ते १,२०,८३७ मतांनी विजयी झाले होते.

याचा परिणाम पुढेही दिसला. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माळशिरसचे विद्यमान भाजप आमदार राम सातपुते यांचा उत्तमराव जानकर यांनी १३,१४७ मतांनी पराभव केला.