क्षणभर तुटणारी तार

१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात एका पहाटे जर्मनीतील मानहाइम शहरातून एक तीनचाकी गाडी बाहेर पडली. तिला घोडा जुंपलेला नव्हता. गाडीत कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्टा आणि युजेन व रिचर्ड हे त्यांचे दोन मुलगे होते. त्यांना बेर्टाबाईंच्या माहेरी, फोर्झहाइम येथे जावयाचे होते आणि वाट शंभर किलोमीटरांहून अधिक होती. बेंझ यांनी या वाहनाच्या पेटंटसाठी अर्ज केला तो १८८६ च्या जानेवारीत. तथापि अडीच वर्षांनंतरही गिऱ्हाइकांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. पतीला न सांगता निघालेल्या या बाईंना तो विश्वास मिळवून द्यावयाचा होता.

वाटेत इंधन संपत आले, तेव्हा वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून ते घ्यावे लागले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या टाचणीने मोकळी करावी लागली. ही दोन्ही संकटे उघड होती. तिसरे मात्र निराळ्या जातीचे होते. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या विजेच्या तारेचे आवरण झिजले होते. बेर्टाबाईंनी मोजे बांधण्याचा आपला बंद सोडला आणि तो त्या तारेभोवती गुंडाळला. गाडी पुढे निघाली व मुक्कामी पोचली. मोटारीच्या इतिहासातील पहिल्या लांब प्रवासातच विजेच्या बिघाडाची आणि माणसाची अशी गाठ पडली.

विजेला जाण्याची आणि परत येण्याची अशी अखंड वाट लागते. ती कायमची तुटली, तर दोष शोधणे फारसे अवघड नसते. पण तार खड्ड्यात तुटते आणि पुढच्या खड्ड्यात जुळते, तेव्हा मिस्त्रीची गत पाळीच्या तापावर बोलावलेल्या वैद्यासारखी होते: वैद्य दारात येतो तेव्हा रोग्याचे अंग थंड असते! अशा वेळी दोष कोठे आहे हे विचारून उपयोग नसतो. तो केव्हा प्रकट होतो, हे आधी विचारावे लागते. मोटारीची वीज शंभर वर्षांत पुष्कळ बदलली; पण हा प्रश्न मात्र बदलला नाही.

प्रारंभीच्या काळात ठिणगी हीच संशोधकांची मोठी डोकेदुखी होती. १८९७ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करणारा मॅग्नेटो मोटारीच्या इंजिनास जोडला. पुढे त्यांचेच सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. अमेरिकेत १९०८ साली आलेल्या फोर्ड यांच्या 'मॉडेल टी' गाडीत चार सिलिंडरांना चार स्वतंत्र कॉइली असून त्या एका लाकडी पेटीत बसविलेल्या असत. इंजिन अडखळू लागले की चालक एकेका कॉइलीची थरथरणारी पट्टी बोटाने दाबून धरी. जी दाबल्याने इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नसे, तिच्या सिलिंडरात दोष! मग ती कॉईल शेजारच्या जागी बसवावयाची. दोष तिच्याबरोबर सरकला तर कॉईल वाईट. जागीच राहिला तर शोध पुढे चालवावयाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा तर्कशास्त्राचा धडा असंख्य शेतकऱ्यांनी आपल्या अंगणात असा गिरविला.

१९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर आणला. हँडल उलटून मनगटे मोडण्याचे संकट त्यामुळे सरले. पण त्याच वेळी विजेचा संसारही वाढला. बॅटरी, डायनामो, दिवे, कॉईल हे सारे एका घरात नांदू लागले. तांब्याची बचत व्हावी म्हणून परतीची वाट सर्वसाधारणपणे गाडीच्या लोखंडी सांगाड्यातूनच ठेवण्यात आली. मिस्त्रीलोक तिला 'अर्थ' म्हणतात. ही काटकसर शहाणपणाची होती. परंतु रंगाचा पापुद्रा, गंजाचा थर किंवा सैल झालेला एक नट हे परतीच्या वाटेवरचे चोर ठरले. ब्रेक दाबताच मागील दुसराच दिवा मंद पेटावा, हा चमत्कार पुष्कळदा याच चोराचा असतो. सरळ वाट अडली की प्रवाह शेजारच्या दिव्यातून परतीची वाट शोधतो.

जुन्या गाडीतील सर्वांत फसवा दोष डिस्ट्रिब्यूटरमध्ये दडलेला असतो. इंजिनावरील भार बदलला की ठिणगीची वेळ मागेपुढे करण्यासाठी आतली एक पाटी किंचित फिरते. तिला जोडलेली बोटभर लांबीची तार तिच्याबरोबर वाकते. वर्षानुवर्षे वाकून आतले तांब्याचे तंतू तुटतात. आवरण मात्र अखंड दिसते. गाडी उभी असताना तुटलेली टोके एकमेकांना टेकलेली असतात आणि ठिणगी निर्दोष पडते. चढावर पाटी फिरली की ती विलग होतात आणि इंजिन गप्प होते. मिस्त्री प्लग बदलतो, कॉईल बदलतो, कार्बोरेटर उघडतो. मालक पैसे मोजतो आणि पुढच्या चढावर गाडी पुन्हा अडते. येथे खर्च केवळ पैशांचा होत नाही. मालकाचा मिस्त्रीवरचा आणि मिस्त्रीचा स्वतःवरचा विश्वासही झिजतो.

अशा वेळी 'केव्हा' हाच वाटाड्या होतो. चढावरच बंद पडत असेल, तर हलणाऱ्या तारा पाहाव्यात. तासभर चालल्यावर बंद पडून, निवल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर उष्णतेने प्रसरण पावणारी कॉईल किंवा कंडेन्सर संशयित ठरतो. उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ धरली तरी लक्षण हेच असते. म्हणून गाडी बंद पडलेल्या त्या क्षणीच ठिणगी तपासावी, घरी पोचल्यावर नव्हे. पावसातच त्रास होत असेल, तर तडे गेलेल्या झाकणाकडे वळावे.

मोजण्यातही एक फसगत आहे. गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम सांगतो की, वाटेतील अडथळ्यावर खर्च होणारा दाब वाहणाऱ्या प्रवाहाच्या प्रमाणात असतो. दहा तंतूंपैकी नऊ तुटलेली तार नुसत्या मीटरला पूर्ण बारा व्होल्ट दाखविते, कारण मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही. स्टार्टरला दोनशे अँपिअर लागत असतील, तर ओहमच्या शंभराव्या भागाचा अडथळाही दोन व्होल्ट गिळतो. म्हणून जोडाची परीक्षा तो काम करीत असतानाच घ्यावी लागते. माणसांचेही निराळे काय असते?

हिंदुस्थानात या विद्येची शाळा दीर्घकाळ रस्त्याच्या कडेलाच भरली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यात बनलेल्या फियाट गाड्या आणि उत्तरपाड्याची अँबॅसडर यांच्या बॉनेटखाली वाकून मिस्त्रींच्या कित्येक पिढ्या ती शिकल्या. त्यांची आयुधे एक बल्ब, दोन तारा आणि कान एवढीच होती. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले; पद्मिनी टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये.

आता ठिणगीची वेळ इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सांभाळते. अमेरिकेत १९९६ सालापासून नव्या मोटारींत दोष नोंदवून ठेवणारी प्रमाणित यंत्रणा सक्तीची झाली. क्षणभर आलेला दोषही आता गाडी पुष्कळदा लक्षात ठेवते. तथापि ती नोंद फार तर कोणत्या वाटेवर चोरी झाली एवढेच सांगते. चोर कोणत्या जोडात दडला आहे, हे सांगत नाही. तेथे अजूनही माणसालाच वाकून, तार हलवून पाहावी लागते. बेर्टाबाईंनी तारेला बंद गुंडाळला, त्यापूर्वी तार कोठे झिजली आहे हे त्यांना शोधावे लागले होते. खरा प्रवास त्या शोधामुळे पार पडला.