नवजात ताऱ्यांचे झोत

शिकागोंत लघुलेखकाचा पेशा करून हौसेनें जोडतारे हुडकणारे बर्नहॅम पुढें कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेंत गेले. तेथील ३६ इंची दुर्बिणींतून १८९० सालीं त्यांना वृषभ राशींतील ‘टी टॉरी’ ताऱ्याला लागूनच धूसर प्रकाशाचा एक ठिपका दिसला. त्यांनीं नोंद केली, आणि तो विषय अर्ध्या शतकाहून अधिक काळ तसाच पडून राहिला.

पुढें त्याच वेधशाळेंत जॉर्ज हर्बिग यांना, आणि मेक्सिकोंतील तोनान्त्सिन्त्ला येथें गियेर्मो हारो यांना, असेच ठिपके मृग नक्षत्रांत आढळले. एकाचें काम दुसऱ्यास ठाऊक नव्हतें. डिसेंबर १९४९ मध्यें टूसॉन येथील परिषदेंत दोघांची गांठ पडली.

प्रत्येक मूलद्रव्य तापलें म्हणजे वर्णपटांत आपल्या ठराविक रेषा उमटवितें. ती त्याची सहीच म्हणा ना. या ठिपक्यांत सह्या होत्या हायड्रोजन, ऑक्सिजन व गंधक यांच्या, म्हणजे सर्वत्र आढळणाऱ्या द्रव्यांच्या. नवल द्रव्याचें नव्हतें. तें तापविणारें कोण, याचें होतें. जवळपास तसा प्रखर तारा दिसेना. १९५४ सालीं अंबार्त्सुम्यान यांनीं या पदार्थांस दोघां संशोधकांचें नांव दिलें आणि ही ताऱ्यांची बाल्यावस्था असावी असें सुचविलें. त्याच सुमारास एका ठिपक्याच्या १९४७ सालच्या छायाचित्रांत नसलेल्या दोन गांठी १९५४ च्या छायाचित्रांत दिसूं लागल्या! माणसाच्या डोळ्यांदेखत तारे जन्मले, ही कल्पना कोणास आवडणार नाहीं?

ती खरी ठरली नाहीं. १९७५ सालीं श्वार्ट्झ यांनीं दाखविलें कीं, हे वर्णपट स्फोट पावलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांसारखे आहेत. म्हणजे वेगवान वायु स्थिर वायूवर आदळून तापला आहे. १९८१ सालीं हर्बिग व जोन्स यांनीं जुन्या-नव्या छायाचित्रांची तुलना केली, तेव्हां मृगांतील पहिले दोन ठिपके सेकंदास शेंकडों किलोमीटर वेगानें परस्परांच्या उलट दिशांस धांवत असल्याचें दिसलें. त्यांच्या मधोमध, धुळीआड, एक बालतारा दडलेला होता. ठिपके म्हणजे त्याच्या झोतांचे आघात.

पण तारा द्रव्य ओढून घेत असतांना तें बाहेर कां फेंकतो? त्याच्याभोंवतालची तबकडी फिरत असते, आणि फिरणारें द्रव्य आपलें फिरणें टाकल्यावांचून आंत पडूं शकत नाहीं. तें फिरणें झोत वाहून नेतात, असें गणित सांगत होतें. पुरावा मिळाला रसायनांतून. कांहीं झोतांत सिलिकॉन मोनॉक्साइड सांपडतें. सिलिकॉन एरव्हीं धूलिकणांत बंदिस्त असतें. तें वायुरूपांत मोकळें दिसलें म्हणजे एक तर आघातानें धूळ फुटली असावी, किंवा जेथें तापामुळें धूळ टिकतच नाहीं अशा जागीं झोताचा उगम असावा. चिलींतील ‘आल्मा’ दुर्बिणींनीं याच संयुगाच्या रेषांवरून मृगांतील ‘एचएच २१२’ हा झोत तपासला. त्याचा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. झोत खरोखरच स्वतःभोंवतीं फिरत होता. आणि त्या फिरण्यावरून मागें हिशेब करितां त्याचा उगम ताऱ्यापासून सुमारें ७५ लक्ष किलोमीटरांवर निघाला. आपला बुध सूर्यापासून याच्या सात-आठ पट दूर आहे.