निवृत्तीनंतर धंदा करायचाय? आधी व्यापारी संघटनेत जाऊन बसा

फंड आणि ग्रॅच्युइटीची रक्कम खात्यात आली की घरात धंद्याची चर्चा सुरू होते. तिशीत पैसा बुडाला तर माणूस पुन्हा उभा राहतो, साठीत ते अवघड जातं. म्हणून गाळा घेण्याआधी त्या धंद्याच्या संघटनेत जाणं फायद्याचं.

मुंबईतल्या बेकरीचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. अशा भट्ट्यांना नवे परवाने देऊ नयेत, असंही बजावलं. जुनी चालू भट्टी स्वस्तात मिळतेय म्हणून पैसे मोजणाऱ्याला हे दलाल सांगेलच असं नाही. बेकरीवाल्यांच्या संघटनेत मात्र हाच विषय असतो. भिवंडी, मालेगावात यंत्रमागाचंही तसंच: सुताचा भाव, विजेचा दर, कोणता व्यापारी पैसे अडकवतो, ही माहिती तिथल्या गप्पांमध्येच मिळते.

आपल्या धंद्याची वेगळी संघटना गावात नसेल तर जिल्ह्याच्या चेंबरमध्ये विचारा. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र चेंबर राज्यभर काम करतं, पुण्यात १९३४ पासून मराठा चेंबर आहे. लगेच वर्गणी भरू नका. आधी एखाद्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून जा. त्याच धंद्यातल्या दोन-तीन जुन्या माणसांना विचारा, पहिल्या वर्षी पैसा कुठे अडकला? नफा किती, हा प्रश्न सुरुवातीला नकोच, खरं उत्तर कोणी देत नाही.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. तिचे हजारो रुपये मागणाऱ्यापासून दूर राहा. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. पण हा फायदा उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना आहे. फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला नोंदणीचा उपयोग मुख्यतः बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. गिऱ्हाईक मोठं असेल तर तक्रारीची एकट्याला भीती वाटते. संघटनेचं पत्र सोबत असेल तर बोलणं सोपं जातं.

पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत वयाची वरची अट नाही, आणि अल्पसंख्याक विशेष गटात येतात: स्वतःचा वाटा ५ टक्के, अनुदान शहरात २५ तर ग्रामीण भागात ३५ टक्के. मात्र अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेलं आहे. व्याज नको असलेल्या घरांनी हे आधीच लक्षात घ्यावं. त्यांच्यासाठी संघटनेतली ओळख जास्त कामाची, कारण त्या ओळखीवर कच्चा माल उधारीवर मिळू शकतो किंवा कोणाच्या तरी यंत्रावर मजुरी देऊन काम करून घेता येतं. चार-सहा महिने असं चालवून पाहा. तोवर फंडाचा पैसा आहे तिथेच राहू द्या.