आखाडाची कोंबडी

१. आखाडाची कोंबडी : पारनेर तालुक्यातील मौजे राळेगणसिद्धी ज्या पर्जन्यछायेच्या टापूत वसले आहे, तेथे आषाढ सरून श्रावणाचे निर्बंध लागू होण्यापूर्वी, मांसाहार वर्ज्य न मानणाऱ्या घरांत लेकी-जावयांसह जे सामिष भोजन मामुलाप्रमाणे होते, त्याचा हा निर्देश आहे. पाश्चात्त्यांच्या नाताळातील भाजलेल्या पक्ष्याप्रमाणे ही कोंबडी अखंड पानात येत नसली, तरी अग्निसंस्कार तिच्यावर तुकडे होण्यापूर्वीच होतो. पिसे उपटून, हळद चोळून तिला उघड्या जाळावर धरतात, तेणेकरून बारीक लव जळून जाते, कातडी आवळते आणि मांसास किंचित धुरकट वास लागतो. पुढे तुकडे हळद-मिठात शिजवून त्यावरचे बिनतिखटाचे पाणी, म्हणजे ‘अळणी’, प्रथम मुलांना वाढतात. आणि निखाऱ्यात भाजलेला कांदा व सुके खोबरे लसणासह पाट्यावर वाटून, काळ्या मसाल्याबरोबर तेलात परतून जो तर्रीदार रस्सा सिद्ध होतो, त्यात बाजरीची भाकरी कुस्करून वडीलधारे जेवतात. अन्यत्र या दिवसांचा ‘गटारी’ म्हणून मद्यपानाशी संबंध जोडला जातो. परंतु १९७५ मध्ये लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी यादवबाबांच्या देवळात दारूभट्ट्या बंद करण्याचा निर्धार केला असल्याकारणाने, राळेगणच्या संदर्भात मूळ मजकुरातील ‘आखाड’ या शब्दाचा तसा अर्थ वाचकांनी घेऊ नये. — संपादक