वडापाव सुटत नाही? शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना पावाची तलफ का येते आणि ती कशी आवरायची

सकाळी सहा-साडेसहाची वेळ. चाकणचा तळेगाव चौक असो, भोसरी असो की आकुर्डी, नाइट शिफ्ट करून निघालेले आणि फर्स्ट शिफ्टला चाललेले कामगार एकाच गाड्यापुढे उभे असतात. एका हातात चहा, दुसऱ्या हातात वडापाव.

यातल्या अनेकांनी "उद्यापासून पाव बंद" असं ठरवलेलं असतं. दोन-चार दिवसांत तो निश्चय मोडतो आणि दोष जिभेला दिला जातो. पण पावाच्या तलफेमागे जिभेइतकाच झोपेचा, लांबलेल्या भुकेचा आणि हाताशी काय मिळतं याचा वाटा असतो. या गोष्टी बऱ्याच प्रमाणात बदलता येतात.

पाव इतका हवाहवासा का वाटतो?

लादीपाव मैद्याचा असतो. मैदा करताना गव्हाचा कोंडा आणि अंकुर निघून जातो. १०० ग्रॅम कणकेत साधारण ११ ग्रॅम तंतू असतात, तर तेवढ्याच मैद्यात तीनपेक्षाही कमी. त्यामुळे मऊ पाव फारसा चावावा लागत नाही आणि पोट भरल्याची जाणीव होण्याआधीच दुसरा हातात येतो.

त्यात तळलेला वडा आला की ओढ आणखी वाढते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये यासंबंधीचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना सारख्याच कॅलरीचे खाऊ दाखवून, ते मिळवण्यासाठी किती पैसे मोजाल असं विचारलं. फक्त पिष्ट किंवा फक्त स्निग्ध पदार्थांपेक्षा दोन्ही एकत्र असलेल्या खाऊला लोकांनी जास्त किंमत लावली. वडापाव, बनमस्का, खारी हे सगळे याच जोडीचे पदार्थ आहेत.

नाइट शिफ्टनंतर तलफ जास्त का?

याचं उत्तर बरंचसं झोपेत आहे. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांवर अभ्यास झाला. सलग दोन रात्री फक्त चार तास झोपू दिल्यावर पोट भरल्याचा संदेश देणारं लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटलं आणि भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. भूक तर वाढलीच, पण गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची इच्छा त्याहूनही जास्त वाढली.

खाण्याची वेळही महत्त्वाची असते. २०२१ मध्ये अमेरिकेत १९ जणांना प्रयोगशाळेत नाइट शिफ्टसारखं वेळापत्रक पाळायला लावलं. रात्री जेवणाऱ्यांच्या रक्तातली साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांमध्ये तशी वाढ दिसली नाही.

गाड्याला पर्याय असतो का?

मोठ्या कंपनीत कॅन्टीन असतं. १९४८ च्या कारखाने कायद्यातली कॅन्टीनची तरतूद मात्र २५० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांसाठी होती. त्यामुळे लहान वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या आणि खोली करून राहणाऱ्या अनेकांसाठी गाडा हेच कॅन्टीन असतं. त्यांना नुसतं "बाहेरचं खाऊ नका" असं सांगून उपयोग नाही. गाड्यावरच जरा बरं काय घेता येईल, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

पाव पूर्ण सोडायलाच हवा का?

ग्लूटेन चालत नसलेल्यांना गव्हाचा पाव सोडावाच लागतो. बाकीच्या बहुतेकांना तशी गरज नाही. साधारण ४० ग्रॅमच्या एका पावात शंभर-सव्वाशे कॅलरी असतात, म्हणजे जवळपास एका चपातीइतक्या. अडचण संख्येची आणि सोबतीची आहे. दोन वडापाव म्हणजे मैदा, बटाटा आणि तेल. बेसनाचं आवरण सोडलं तर त्यात डाळ नाही आणि पालेभाजीही नाही.

मिसळीत निदान मटकी असते, म्हणजे प्रथिनं आणि तंतू दोन्ही मिळतात. तिथे लक्ष ठेवायचं ते फरसाण, तर्री आणि "एक्स्ट्रा पाव" यांवर.

ब्राउन ब्रेड घेतला तर?

फक्त रंगावर जाऊ नका. तो कॅरॅमलमुळेही येतो. पाकिटावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं नाव मैदा किंवा 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' असेल, तर त्या ब्रेडमध्ये सर्वांत जास्त मैदाच आहे.

मग करायचं काय?

• सुटी होण्याआधी थोडं खा. शिफ्टमधल्या शेवटच्या सुटीत मूठभर फुटाणे, शेंगदाणे किंवा एक उकडलेलं अंडं खा. गेटबाहेर पडताना कडकडून भूक लागलेली नसेल, तर एका पावावर थांबणं सोपं जातं.

• क्रम बदला. न्यूयॉर्कमध्ये २०१५ मध्ये मधुमेहाच्या ११ रुग्णांना एकच जेवण दोन वेगळ्या क्रमांनी दिलं. भाज्या आणि चिकन आधी, ब्रेड आणि संत्र्याचा रस नंतर, असं खाल्ल्यावर तासाभराने मोजलेली साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होती. आपल्याकडे हे सोपं आहे: आधी वाटीभर उसळ, कोशिंबीर किंवा मिसळीतली मटकी, मग पाव.

• सोबत बदला. दोन वड्यांऐवजी दोन अंड्यांचं ऑम्लेट किंवा भुर्जी आणि एक पाव घ्या. दोन अंड्यांतून साधारण १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात.

• आकडा आणि वार आधी ठरवा. गाड्यापुढे उभं राहून ठरवलेलं टिकत नाही. "मंगळवारी आणि शनिवारी, एकच" हा नियम "कधीच नाही" यापेक्षा पाळायला सोपा आहे.

• झोप वाचवा. नाइट शिफ्टनंतर घरी आलात की हलकं खा, खोलीत अंधार करा आणि मोबाइल बाजूला ठेवा.

• घरी लादी आणू नका. लागतील तेवढेच पाव घ्या. उरलेले पाव संध्याकाळच्या चहासोबत संपतातच.

डॉक्टरांकडे कधी जावं?

खूप तहान, वारंवार लघवी आणि कारण नसताना वजन कमी होणं, यासोबत सतत भूक लागत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. तिशीनंतर मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत होते. ईएसआय कार्ड असेल तर तिथेही दाखवता येतं. खाणं सुरू केल्यावर थांबताच येत नसेल आणि हे वारंवार होत असेल, तरीही डॉक्टरांशी बोला.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी शिफ्टसाठी जेवण टाळू नये. काम करताना अचानक घाम फुटला, हात थरथरले आणि जोराची भूक लागली, तर ती तलफ नसून साखर उतरल्याची खूण असू शकते. अशा वेळी आधी ग्लुकोज किंवा साखर-पाणी घ्या, मशीनपासून बाजूला व्हा आणि शेजारच्या सहकाऱ्याला सांगा.